वाईन ओळखायला मसाल्याचा डबा पुरतो

वाईनच्या बाटलीमागे ब्लॅककरंट, गूजबेरी, सीडार असं काहीबाही लिहिलेलं असतं. कोल्हापूरच्या राजारामपुरीत वाढलेल्या माणसानं ब्लॅककरंट कधी तोंडात टाकलेलं नसतं, मग ते त्याला ग्लासात कुठून सापडणार? सापडलं नाही की "हे आपलं काम नव्हे" म्हणून तो मोकळा होतो. पण ती यादी युरोपातल्या परसबागांची आहे. वाईनला वास देणारे रेणू कुणा एका मुलखाचे नसतात. त्यातले कितीतरी उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी करताना अख्ख्या गल्लीत दरवळतात. ज्या घरात लवंग, मिरी, दगडफूल आणि भाजलेलं खोबरं डोळे मिटून ओळखता येतं, तिथलं नाक वाईनसाठी निम्मं तयार असतं. उरलेलं निम्मं चार-सहा जणांनी एकत्र बसून, थोडी शिस्त पाळून करायचं काम आहे.

शिराझपासून सुरुवात करू. या लाल वाईनमध्ये काळ्या मिरीचा वास येतो असं लोक फार पूर्वीपासून म्हणत आले आहेत. तो ज्या रेणूमुळे येतो तो रोटुंडोन ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ओळखला आणि २००८ साली प्रसिद्ध केला. तोच रेणू काळ्या मिरीत भरपूर असतो. लाल वाईनच्या एका लिटरमध्ये तो अवघा १६ नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. गंमत अशी की पाचातल्या साधारण एकाला तो कितीही दिला तरी कळत नाही. गटात एखादा "मिरीबिरी काही नाही" म्हणून अडून बसला तर त्याची चेष्टा करू नये, त्याच्या नाकात त्या रेणूची दखल घेण्याची सोयच नसण्याची शक्यता आहे.

लवंगेचा वास वाईन मुरवायच्या ओक लाकडाच्या पिंपातून येतो. पिंप आतून जाळावर शेकतात, तेव्हा लाकडातल्या लिग्निनचं विघटन होऊन युजेनॉल आणि व्हॅनिलिन सुटतं. युजेनॉल म्हणजेच लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक. ओकमध्ये एक लॅक्टोनही असतं, त्याचा वास थेट खोबऱ्यासारखा. अमेरिकन ओकमध्ये ते फ्रेंच ओकपेक्षा जास्त, त्यामुळे एखाद्या लाल वाईनमध्ये खोबरं ठसठशीत जाणवलं तर अमेरिकन पिंपाचा संशय घ्यायला हरकत नाही. सोव्हिन्यॉं ब्लांक या पांढऱ्या वाईनमध्ये ढोबळी मिरची आणि पेरू हे दोन वास शोधावेत. पहिला पायरझीन गटातल्या रेणूंचा, दुसरा गंधकयुक्त थायॉलचा. द्राक्ष उन्हात पिकत जाईल तसं पायरझीन कमी होतं, म्हणून घाईनं तोडलेल्या मालाच्या वाईनला हिरवट वास जास्त.

हे सगळं वाचून नाकाला काही कळत नाही, नमुने करावे लागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात ॲन नोबल यांनी १९८४ साली वाईनच्या वासांचं चक्र मांडलं, पुढे त्यातल्या बऱ्याच वासांचा नमुना साध्या वाईनमध्ये तो पदार्थ भिजवून करण्याची रीतही दिली होती. आपण तीच रीत आपल्या डब्याला लावायची. फारसा वास नसलेल्या स्वस्त पांढऱ्या वाईनची एक बाटली आणि तशीच एक लाल घ्यायची. प्रत्येक ग्लासात ५० मिली ओतायची. पांढरीत एकात ढोबळी मिरचीचा सेंटिमीटरभर तुकडा, एकात पिकलेल्या पेरूची फोड, एकात लिंबाच्या सालीची पिवळी पट्टी (आतला पांढरा भाग खरवडून) आणि एकात सुपारीएवढा गूळ. लालमध्ये एकात तीन मिरे जाडसर ठेचून, एकात एकच लवंग, एकात किसून कोरडं भाजलेलं खोबरं चमचाभर. एक पांढरी आणि एक लाल काही न घालता तुलनेसाठी ठेवायची. सगळ्यांवर बशी झाकायची.

मिरची दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढावी, लवंग वीस मिनिटांत. लवंग विसरली तर तासाभरात ग्लासात वाईन उरत नाही, दातदुखीचं औषध उरतं. खोबरं खवट नाही ना, हे आधी पाहावं, कारण खवट तेलाचा वास बाकी सगळं गिळतो. हुंगायचा क्रम सौम्याकडून उग्राकडे: लिंबू, पेरू, गूळ, ढोबळी मिरची, मग खोबरं, मिरी आणि शेवटी लवंग. एकच ग्लास सलग हुंगत राहिलं तर नाक त्या वासाला सरावतं आणि काही सेकंदांत तो नाहीसा झाल्यासारखा वाटतो. अशा वेळी साधं पाणी किंवा स्वतःच्या हाताचा कोपर हुंगावा. अत्तर, सेंट लावून आलेल्या माणसाला खिडकीशी बसवावं.

एक छोटा प्रयोग याच बैठकीत होतो. नाक चिमटीत घट्ट दाबून गुळाचा खडा जिभेवर ठेवा. नुसती गोडी लागते, साखर आहे की गूळ हे सांगता येत नाही. आता नाक सोडा. श्वासाबरोबर घशामागून वर गेलेली हवा नाकात पोचते आणि क्षणात गूळ गूळ होतो. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग हा असा मागच्या दाराने येतो. वाईन तोंडात घेऊन थोडी हवा आत ओढतात आणि गिळल्यावर किंवा थुंकल्यावर नाकाने श्वास सोडतात, ते याचसाठी.

तांबड्या रश्श्याचं काय करायचं?

कोल्हापुरात वाईनचा बेत म्हटला की ताट आधी ठरतं, आणि घोटाळा तिथेच होतो. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या टीआरपीव्ही-१ नावाच्या ग्राहकाला (चेतापेशीवरच्या, खबर टिपणाऱ्या प्रथिनाला) चेतवतं. हा ग्राहक मुळात उष्णतेसाठी आहे. साधारण ४२-४३ अंश सेल्सियसला तो चटका बसल्याची खबर मेंदूला देतो, आणि कॅप्सेसिन तीच खबर विनाकारण द्यायला लावतं. अल्कोहोलही याच ग्राहकावर काम करतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की अल्कोहोलच्या सान्निध्यात त्याचा उंबरठा सुमारे ३४ अंशांवर उतरतो, म्हणजे शरीराच्या तापमानाच्याही खाली. त्यामुळे १४ टक्क्यांची शिराझ आणि झणझणीत रस्सा एकत्र आले की दोन्हीचा जाळ वाढतो.

त्यात टॅनिनची भर. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, त्यांचा साका होतो आणि तोंडाचं वंगण जातं. कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, तसं. तिखटानं आधीच हुळहुळलेल्या तोंडाला हा कोरडेपणा सहन होत नाही, आणि वाईन कडू व भडक लागते. फसफसणारी वाईनही इथे कामाची नाही, कार्बन डायऑक्साइडची टोचणी तिखटात भरच घालते.

गोडी आणि गारवा मात्र तिखट उतरवतात. तांबड्या रश्श्याबरोबर काही घ्यायचंच असेल तर किंचित गोडसर शेनिन ब्लांक ही पांढरी वाईन, अल्कोहोल १२ टक्क्यांच्या आसपास, ८ अंशांपर्यंत गार केलेली. पांढऱ्या रश्श्याचं गणित वेगळं आहे. नारळाचं दूध, काजू, खसखस यांची स्निग्धता आणि सौम्य मसाला असल्यामुळे त्याला पांढरी, थोडी भारदस्त वाईन चालते. लाल वाईन मटणाबरोबरच हवी असेल तर सुक्क्यात चटणी निम्मी करावी. मटणातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला गुंतवून ठेवतात आणि वाईन मऊ लागते. पण वाईन नीट ओळखायची बैठक जेवणाआधीच घ्यावी. सकाळी मिसळ झाली असेल तर मध्ये दोन-तीन तास जाऊ द्यावेत, कारण तिखटानं बधिर झालेल्या जिभेला बारकावे कळत नाहीत. मध्ये खायला साधा पाव आणि पाणी. भडंगाची वाटी त्या टेबलावर आली की बैठक संपली असं समजावं.

ग्लास, गारवा आणि झाकलेली बाटली

"लाल वाईन रूम टेम्परेचरला" हा सल्ला थंड युरोपीय घरांसाठी होता. एप्रिल-मेमधल्या कोल्हापुरी खोलीत ३३-३४ अंशांच्या वाईनमधून अल्कोहोल इतकं उडतं की नाकाला दुसरं काही कळत नाही. लाल वाईन १६ ते १८ अंशांना हवी. उन्हाळ्यात तिला दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवावं. पांढरी फ्रीजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबावं, अगदी बर्फगार वाईनला वासच येत नाही. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ. नुसत्या बर्फात बाटली उशिरा गार होते, कारण खड्यांमधल्या पोकळीत हवा असते.

ग्लास तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता असावा. चाखण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्लास २१५ मिलीचा असतो आणि त्यात ५० मिलीच ओततात. उरलेली जागा वासाची. ग्लास भांड्यांच्या साबणानं घासून गरम पाण्यानं दोनदा विसळावेत. मसाल्याच्या कपाटात उपडे ठेवलेले ग्लास आत धण्या-जिऱ्याचा वास साठवतात आणि मग तो वाईनला चिकटवला जातो. ग्लासाच्या कडेने ओघळणाऱ्या रेषा पाहून वाईन उंची ठरवणारेही भेटतात. तो दर्जा नव्हे. कडेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल आधी उडतं, तिथला पृष्ठताण वाढतो आणि द्रव वर ओढला जाऊन थेंबाने खाली येतो. ग्लासावर तळहात झाकला की थोड्या वेळात ओघळ थांबतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाटली झाकणं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या प्रयोगात वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना लाल रंग मिसळलेली पांढरी वाईन दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात तीच वाईन १० डॉलरची आणि ९० डॉलरची म्हणून दिली, तेव्हा महाग म्हटलेली लोकांना जास्त आवडली. मेंदूच्या चित्रणातही तो फरक उमटला.

यावर घरगुती उपाय म्हणजे तीन ग्लासांची चाचणी. दोन वाईन घ्या. प्रत्येकासमोर तीन ग्लास, दोनांत एक वाईन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता, एवढंच सांगायचं. ओतणारा माणूस दुसऱ्या खोलीत आणि चाखण्यात सामील नसलेला. ग्लासांना १, २, ३ असे आकडे देऊ नयेत, पहिल्याकडे मन झुकतं. ४१७, ८६२, २९५ असे अर्थहीन आकडे चिकटवावेत. मांडणीचे क्रम सहाच होतात, म्हणून सहा जण बसले तर प्रत्येकाला एक. नुसत्या अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता तिनात एक, त्यामुळे सहांपैकी चौघांचं बरोबर आलं तरी तो योगायोग असू शकतो (शक्यता दहा टक्के). पाच जणांचं आलं तर दोन टक्क्यांहूनही कमी, म्हणजे फरक खरा मानावा. या चाचणीत बहुतेकदा तीन गोष्टी नडतात: ग्लासांचं तापमान सारखं नसणं, ओतलेलं प्रमाण कमीजास्त असणं आणि रंगातला फरक दिसणं. रंगासाठी ग्लासांना बाहेरून कागद गुंडाळावा.

बिघडलेली वाईनही ओळखता यायला हवी. ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशीचा वास म्हणजे कॉर्कमधून आलेला टीसीए नावाचा रेणू, लिटरमागे काही नॅनोग्रॅमही पुरतो. नेलपॉलिशचा वास इथाइल ॲसिटेटचा. डागाळलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा लागलेली. आणि मुरांब्यासारखा शिजलेला वास, कॉर्क किंचित वर आलेलं, मानेवर चिकट ओघळ, ही उन्हात तापलेल्या मालाची खूण. आपल्याकडे ती सगळ्यात जास्त भेटते, म्हणून मेमध्ये दुकानाच्या काचेत उभी केलेली बाटली घेऊ नये.

एवढी तयारी झाली की महोत्सवाला जावं. महाराष्ट्रात वाईनची द्राक्षं एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येतात, त्यामुळे नाशिककडचे मेळे त्याच सुमारास भरतात. सुलाफेस्ट २००८ पासून तिथे भरत आला, मध्ये काही वर्षं खंड पडला. अकलूज त्या मानाने कोल्हापूरकरांना जवळ, तिथेही वाईनची लागवड आणि वायनरी आहे. तासगावच्या बेदाण्याच्या बागेपेक्षा ही बाग वेगळी. वाणच वेगळा. वाईनसाठी मण्यात साखर २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) येऊ देतात, कारण तिच्यातूनच १२-१३ टक्के अल्कोहोल होतं.

मेळ्यात दहा स्टॉलवर ५० मिलीप्रमाणे घेतली तर अर्धा लिटर होते, म्हणजे १३ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ५१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. म्हणून निम्मीच ओतायला सांगावी आणि थुंकावी. आपल्या पाहुणचारात ते बसत नाही, पण तिथे त्यासाठी भांडी ठेवलेली असतात. गाडी चालवणाऱ्यानं घ्यायचीच नाही, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे. मद्याचा परवानाही लागतो, तो एका दिवसाचाही मिळतो. दार उघडताच पोचावं. दुपारी उन्हानं ग्लास तापतात आणि गर्दीत स्टॉलवरच्या माणसाला बोलायला सवड नसते. क्रम फसफसती, पांढरी, गुलाबी, लाल, शेवटी गोड. स्टॉलवाल्याला विचारायचं ते हंगाम कोणत्या वर्षाचा, साखर किती ठेवली, ओक लावला का आणि किती महिने.

आवडलेली बाटली घेतलीत तर डिकीत टाकून साडेचारशे किलोमीटर आणू नये. थर्माकोलच्या खोक्यात, सीटखाली. घरी जिथे ऊन आणि गॅसची धग पोचत नाही अशा खालच्या कपाटात ठेवावी. कॉर्कची आडवी, फिरकीच्या झाकणाची उभी चालते. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाईन दोन वर्षांत प्यायच्या असतात, त्या मुरवत ठेवण्यात अर्थ नाही. उघडलेली उरली तर छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवावी, तीन-चार दिवस टिकते.