सहा आकड्यांतला घाट

रत्नागिरीच्या मुख्य डाकघराचा पिन कोड ४१५६१२ आहे आणि साताऱ्याच्या मुख्य डाकघराचा ४१५००१. पहिले तीन आकडे सारखेच. एक गाव समुद्रकाठचे, कोकण महसूल विभागातले. दुसरे सह्याद्रीच्या पलीकडचे, पुणे विभागातले. पुढे पाहिले तर रत्नागिरी जिल्ह्यातल्याच लांज्याचा पिन कोड ४१६७०१ आणि राजापूरचा ४१६७०२ आहे, म्हणजे या दोन तालुक्यांच्या गावांचे पहिले तीन आकडे जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाशी न जुळता कोल्हापूरशी (४१६००१) जुळतात. लग्नपत्रिकेपासून रेशन कार्डापर्यंत सगळीकडे हे आकडे आपण पाठ असल्याप्रमाणे लिहीत असतो आणि त्यामुळेच ही विसंगती आपल्या डोळ्यांत भरत नाही. पिन कोड जिल्ह्यांच्या हद्दी पाहून आखलेला नाही, टपाल ज्या वाटांनी जाते त्या वाटा पाहून आखलेला आहे, हे ध्यानात घेतले की तिचा उलगडा होतो. आणि ते समजून घेण्यासाठी कोकणाइतका चांगला नकाशा दुसरा क्वचितच सापडेल.

ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, देशभर लागू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्या वेळी केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते. ते मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले आणि संस्कृतचे मान्यवर कवी होते. भाषा आणि लिपी यांच्यात रमणाऱ्या माणसाने देशातल्या पत्त्यांचा गुंता आकड्यांनी सोडवावा, याचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण तो गुंता मुळात भाषा, लिपी आणि नावे यांचाच होता. पत्र लिहिणारा आपल्या लिपीत पत्ता लिहीत असे आणि वाटेत त्या पत्राची छाटणी करणाऱ्या कर्मचाऱ्याला ती लिपी वाचता येईलच असे नव्हते. शिवाय गावांची नावे सारखी. खेड रत्नागिरी जिल्ह्यात आहे आणि पुणे जिल्ह्यातही आहे. पाली नावाचे एक गाव रायगडात सुधागड तालुक्यात, दुसरे रत्नागिरी तालुक्यात महामार्गालगत, तर तिसरे थेट राजस्थानात, जिल्ह्याचे ठिकाण असलेले. आज रत्नागिरीतल्या खेडचा ४१५७०९ आणि पुण्याकडच्या खेडचा ४१०५०५ हे आकडे डोळ्यांसमोर असले की घोटाळ्याला जागा उरत नाही. राजस्थानातल्या पालीचा ३०६४०१ तर पहिल्याच आकड्यापाशी वेगळा होतो.

पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. असे नऊ विभाग आहेत. त्यांपैकी आठ भौगोलिक आहेत आणि ९ हा आकडा लष्करी टपालासाठी राखलेला आहे, कारण फौजेची तुकडी जागा बदलते आणि तिची जागा पाकिटावर उघड करायची नसते. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हे ४ या विभागात येतात. पहिले दोन आकडे मिळून त्या विभागातला उपविभाग कळतो. पहिल्या तीन आकड्यांनी वर्गीकरण जिल्हा ठरतो, आणि हा ‘जिल्हा’ कलेक्टरचा नव्हे, तर टपालाच्या छाटणीचा. चौथा आकडा त्या वर्गीकरण जिल्ह्यातला टपालाचा मार्ग दाखवतो. चौथ्या जागी शून्य असेल तर ते कार्यालय त्या वर्गीकरण जिल्ह्याच्या मध्यवर्ती भागातले समजावे. शेवटचे दोन आकडे प्रत्यक्ष पत्रवाटप करणाऱ्या कार्यालयाचे असतात. मुख्य कार्यालयाला सहसा ०१ मिळतो आणि पुढे नवे वितरण कार्यालय उघडले की त्याला पुढचा मोकळा आकडा दिला जातो.

मुंबईत राहणाऱ्या कोकणी माणसाला शेवटच्या दोन आकड्यांचा इतिहास कदाचित घरातूनच ठाऊक असेल. पिन कोड येण्यापूर्वीच मुंबईत टपालाचे क्रमांकित विभाग होते आणि गावाला धाडलेल्या पत्रावर ‘गिरगाव, मुंबई ४’ किंवा ‘परळ, मुंबई १२’ असे लिहिले जाई. १९७२ साली त्या जुन्या आकड्यांना मोडून न टाकता त्यांच्या आधी ४०० आणि लागतील तितकी शून्ये जोडून ४००००४ आणि ४०००१२ तयार झाले. लोकांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट नव्या रचनेत अशी सामावून घेणे ही मोठी शहाणपणाची गोष्ट होती.

आता चौथ्या आकड्याकडे वळू, कारण कोकणाची खरी कथा तिथे आहे. घाटमाथ्यावरच्या गडहिंग्लजचा पिन कोड ४१६५०२, आजऱ्याचा ४१६५०५ आणि चंदगडचा ४१६५०९. ही तिन्ही कोल्हापूर जिल्ह्यातली गावे. त्यांच्या लगेच पुढचा आकडा ४१६५१० येतो आणि तो सावंतवाडीचा आहे. पुढे वेंगुर्ले ४१६५१६ आणि कुडाळ ४१६५२०. नकाशावर बोट ठेवून ही गावे त्याच क्रमाने जोडली, तर बोट पठारावरून निघते, आंबोलीचा घाट उतरते, सावंतवाडीत येते आणि तिथून समुद्राकडे वळते. ४१६५ या चार आकड्यांत आंबोलीची वाट जणू नोंदवून ठेवलेली आहे. हीच रीत उत्तरेला बोरघाटात दिसते: घाटाखालचे कर्जत ४१०२०१, खोपोली ४१०२०३ आणि पनवेल ४१०२०६, तर घाटावरचे लोणावळे ४१०४०१. रायगड जिल्हा एकच असला तरी त्याचे पेण ४०२१०७ आणि अलिबाग ४०२२०१ हे दुसऱ्याच वर्गीकरण जिल्ह्यात आहेत.

दोन्ही बाजूंना सह्याद्रीची भिंत आणि समुद्र असताना हे आकडे किनाऱ्याला समांतर न जाता आडवे का गेले असावेत, याचे उत्तर माझ्या मते त्या काळच्या दळणवळणात आहे. १९७२ साली आजच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत रेल्वेचा एकही रूळ नव्हता. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर खुली झाली ती २६ जानेवारी १९९८ रोजी, म्हणजे पिन कोडनंतर जवळपास साडेपंचवीस वर्षांनी. देशाचे टपाल त्या काळात मुख्यतः रेल्वेने फिरे. धावत्या गाडीच्या डब्यात बसून पत्रांची छाटणी करणारे रेल्वे डाक सेवेचे कर्मचारी हा त्या यंत्रणेचा कणा होता. कोकणाला जवळची रेल्वे स्थानके घाटावरची होती. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढला की कऱ्हाड, रत्नागिरीहून आंबा घाट चढला की कोल्हापूर. किनाऱ्याने उत्तर-दक्षिण जायचे तर वाटेत खाड्या आडव्या येत, आणि आगबोटी असल्या तरी पावसाळ्याचे महिने त्या बंद असत. समुद्र आणि खाड्या मिळून कोकणाला उभे जोडण्यात जी अडचण होती, ती घाटवाटांनी आडवे जोडण्यात त्या मानाने कमी होती.

प्रत्येक आकडा मात्र असा नेमका वाचता येतो असे मानू नये. खेड, दापोली (४१५७१२) आणि गुहागर (४१५७०३) एका ओळीत बसतात, पण त्यांच्याच शेजारच्या मंडणगडचा पिन कोड ४१५२०३ आहे आणि त्याच्याशी पहिले चार आकडे जुळतात ते घाटावरच्या पाटणचे (४१५२०६).

जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या तरी हे आकडे जागचे हलत नाहीत. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी तो सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता आणि तो मोठा रत्नागिरी जिल्हा तेव्हाही ४१५ आणि ४१६ यांच्यात वाटलेला होता. कुलाब्याचे नाव रायगड झाले, २०१४ साली ठाण्यातून पालघर वेगळा निघाला, पण ४०२ आणि ४०१ जसेच्या तसे राहिले. उलट आरोंद्याला तेरेखोल खाडीच्या अलीकडच्या काठावर ४१६ चालतो आणि पलीकडे गोव्यात ४०३ सुरू होतो, हे दोन्ही एकाच महाराष्ट्र टपाल परिमंडळात असूनसुद्धा.

या रचनेचा एक गुण आपण शाळेत शिकलेल्या स्थानिक किमतीसारखा आहे: डावीकडचा आकडा जितका मोठ्या किमतीचा, तितकी त्यातली चूक महाग. रत्नागिरीच्या ४१५६१२ मधले शेवटचे दोन आकडे उलटे पडले, तर पत्र त्याच मार्गावरच्या दुसऱ्या कार्यालयाकडे वळेल आणि एखाद्या दिवसात चूक दुरुस्त होईल. मधले ५ आणि ६ उलटे पडले तर मात्र आकडा ४१६५ ने सुरू होतो आणि रत्नागिरीचे पाकीट गडहिंग्लज-सावंतवाडीच्या वाटेला लागते. आधार क्रमांकात किंवा बँकेच्या कार्डाच्या क्रमांकात शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणिताने काढलेला असतो आणि त्यामुळे लिहिण्यातली बहुतेक चूक यंत्राला लगेच पकडता येते. पिन कोडमध्ये असा तपासणीचा अंक नाही. पिन कोडबरोबर गाव, तालुका आणि जिल्हा स्वच्छ लिहावा असा आग्रह मी धरतो तो यासाठी. आकडा आणि नाव यांचा मेळ बसला नाही, तर छाटणीच्या टेबलावरचा माणूस थांबून विचार करू शकतो.

देशात पिन कोड सुमारे १९ हजार आहेत आणि डाकघरे दीड लाखांहून अधिक. म्हणजे सरासरी आठेक डाकघरांमागे एकच पिन कोड पडतो. खेड्यातल्या शाखा डाकघराला स्वतंत्र आकडा नसतो. ते ज्या मोठ्या कार्यालयाशी जोडलेले असते त्याचाच पिन कोड वापरते. या दरीवर मराठी पत्त्याने फार पूर्वीच पूल बांधलेला आहे. ‘मु. पो.’ म्हणजे मुक्काम आणि पोस्ट; दोन्ही एकाच गावात असतील तर एकत्र लिहायचे, आणि वाडी एकीकडे व डाकघर दुसऱ्या गावात असेल तर ‘मु.’ वेगळे आणि ‘पो.’ वेगळे लिहायचे. पिन कोड थैलीला डाकघराच्या दारापर्यंत आणतो. तिथून पुढे, व्हाळ ओलांडून, पाणंदीने वर जाऊन, एकाच आडनावाची दहा घरे असलेल्या वाडीत नेमक्या उंबऱ्यावर पत्र पोहोचते ते ग्रामीण डाक सेवकाच्या ओळखीमुळे. ही ओळख कुठल्याही आकड्यात लिहिलेली नाही आणि त्या माणसाची बदली किंवा निवृत्ती झाली की ती त्याच्याबरोबर जाते, ही मला या सगळ्या यंत्रणेतली सर्वांत नाजूक जागा वाटते.

ती उणीव भरून काढण्यासाठी टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साहाय्याने ‘डिजिपिन’ तयार केला आणि २०२५ साली तो सर्वांसाठी खुला केला. भारताला सामावणारा ३६ अंश अक्षांश आणि ३६ अंश रेखांशांचा एक चौकोन घ्यायचा, त्याचे चार आडव्या आणि चार उभ्या भागांत मिळून सोळा तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला एक चिन्ह द्यायचे, मग त्या तुकड्याचे पुन्हा सोळा, असे दहा वेळा करायचे. प्रत्येक बाजूचे दहा वेळा चार-चार भाग पडल्यामुळे शेवटी एका बाजूचे १०,४८,५७६ भाग होतात आणि प्रत्येक चौकोन साधारण चार मीटर लांबी-रुंदीचा उरतो. घराला क्रमांक नसलेल्या वाडीतल्या प्रत्येक पडवीला, एवढेच नव्हे तर किनाऱ्यापासून दूर उभ्या असलेल्या होडीच्या जागेलाही, त्यामुळे स्वतःचा दहा चिन्हांचा पत्ता मिळतो. रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दल वेळेत पोहोचण्यासाठी याचा उपयोग किती मोठा आहे, हे कोकणातल्या वाड्यांत रात्री रस्ता शोधलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

डिजिपिन पिन कोडची जागा घेत नाही, कारण दोघांची कामे वेगळी आहेत. डिजिपिनच्या चौकोनांना चढ-उतार, खाडी किंवा रस्ता कळत नाही. कड्याच्या वरचा चौकोन आणि पायथ्याचा चौकोन त्याच्या लेखी शेजारी असू शकतात. पिन कोडला नेमके घर कळत नाही, पण वाट कळते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर असलेल्या आंबोलीतल्या आणि घाटाखालच्या सावंतवाडीतल्या घरांचे डिजिपिन वेगवेगळेच असणार. पिन कोड मात्र दोन्हीकडे ४१६५१० हाच लिहायचा, कारण घाट मध्ये असला तरी दोघांचे टपाल एकाच वितरण कार्यालयाशी बांधलेले आहे.