साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीतील हेरिटेज वॉक

कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील जुन्या ब्रिटिश दफनभूमीत जाणकारासोबत पायी हिंडून थडगी, त्यांवरील लेख आणि स्थापत्य समजून घेण्याचा उपक्रम. शहरातील इतिहासप्रेमी मंडळी आणि खासगी गाइड असे वॉक घेतात. दफनभूमीची व्यवस्था ख्रिश्चन बरियल बोर्डाकडे आहे.

ही दफनभूमी १७६७ मध्ये सुरू झाली. त्याआधी ईस्ट इंडिया कंपनीची माणसे आज सेंट जॉन्स चर्च उभे आहे त्या आवारात पुरली जात. नवी जागा तेव्हाच्या वस्तीबाहेर होती आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्याला ‘बरियल ग्राउंड रोड’ म्हणत; तोच आजचा पार्क स्ट्रीट. दारावरच्या पाटीवर बंद झाल्याचे वर्ष १७९० दिले असले, तरी एकोणिसाव्या शतकातही येथे दफने होत राहिली. जवळच्या सर्क्युलर रोडबद्दल मराठी माणसाने गाइडला आवर्जून विचारावे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती सात मैलांचा ‘मराठा खंदक’ खणायला घेतला होता. तीन मैल झाल्यावर काम थांबले, आणि पुढे खंदक बुजवून त्याच्या मार्गावर हा रस्ता झाला.

आत शिरताच उंचच उंच पिरॅमिड, चौकोनी निमुळते स्तंभ आणि घुमटाकार छत्र्या यांची दाटी दिसते. बंगालच्या गाळाच्या भूमीत दगड मिळत नाही, म्हणून बहुतेक बांधकाम विटांचे आणि वर चुन्याचा गिलावा. गिलावा सुटला की विटांच्या फटीत पिंपळ रुजतो. तो वेळीच काढणे हे येथील जतनाचे न संपणारे काम आहे.

सर्वांत उंच स्तंभ सर विल्यम जोन्स याचा (मृत्यू १७९४). १७८४ मध्ये पौर्वात्य विद्यांच्या अभ्यासासाठी एशियाटिक सोसायटी स्थापणारा आणि कालिदासाचे शाकुंतल इंग्रजीत नेणारा हा न्यायाधीश सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. आपण देवाला भ्यालो, मृत्यूला नाही, असा स्वतःचा मृत्युलेख त्याने स्वतःच लिहून ठेवला होता. मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्ट (मृत्यू १८२८) रोज गंगास्नान करी आणि देवमूर्ती जमवी. लोक त्याला ‘हिंदू स्टुअर्ट’ म्हणत. त्याचे थडगे देवळाच्या घाटाचे असून दाराच्या चौकटीवर कोरीव काम आहे. हिंदू कॉलेजमधील बंडखोर शिक्षक आणि कवी हेन्री डेरोझिओ १८३१ मध्ये बाविसाव्या वर्षी कॉलऱ्याने गेला. त्याच्या थडग्याशी बंगाली पाहुणे हमखास रेंगाळतात. रोझ एल्मर ही तरुणी १८०० मध्ये वारली. कवी लँडॉर याने तिच्यावर लिहिलेली आठ ओळींची कविता पुढे तिच्या थडग्यावर बसवली गेली. याच लँडॉरचे नाव इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने आपल्या मुलाला दिले होते. तो वॉल्टर १८६३ मध्ये कलकत्त्यातच वारला. पुरला गेला भवानीपूरला, पण त्याची शिळा १९८७ मध्ये येथे आणली गेली.

चांगला वॉक मात्र नामवंतांपाशी संपत नाही. अनाम कारकून, खलाशी, बाळंतपणात गेलेल्या बायका, महिन्याभराची तान्ही मुले यांच्या शिळांवरची वये ओळीने वाचत गेले, की कंपनीच्या नोकरीत काय पणाला लागत होते ते कळते. ‘दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य’ ही म्हण ओव्हिंग्टन या पाद्र्याने सतराव्या शतकाअखेर नोंदवली ती मुंबईच्या इंग्रजांबद्दल; कलकत्त्याची हवाही काही वेगळी नव्हती. गाइडने येथे वेळ द्यायलाच हवा. भुताखेतांच्या गोष्टी सांगून हा भाग उरकणे म्हणजे त्या माणसांवर अन्याय आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील सकाळ वॉकसाठी सर्वांत सोयीची. पावसाळ्यात वाटांवर शेवाळ धरते आणि डास फार असतात. थडग्यांवर चढू वा बसू नये. अक्षरे पुसट असतील तर त्यांवर खडू किंवा पाणी न लावता तिरप्या उजेडात वाचावीत.