दवाखाना किती लांब? मोजणी कशी बदलत गेली

साताऱ्याच्या कांदाटी खोऱ्यात दवाखाना किती लांब असं विचारलं, तर किलोमीटरमध्ये उत्तर क्वचितच येतं. लाँच मिळाली तर इतका वेळ, नाही मिळाली तर तितका, असा हिशेब असतो. 1960च्या दशकात कोयना धरणात पाणी साठलं आणि खोऱ्यातल्या जुन्या वाटा धरणाच्या जलाशयाखाली, शिवसागराखाली गेल्या. तेव्हापासून आजारी माणूस आधी झोळीतून खाली येतो: बांबूला बांधलेली घोंगडी, एक खांदा पुढे, एक मागे, आणि उतारावर पेशंटचं डोकं वरच्या अंगाला राहील याची काळजी. मग लाँच, मग गाडी.

सरकारी मोजणीत यातलं फार थोडं आलं. देशाच्या आरोग्यसेवेची आखणी सुचवणाऱ्या 1946च्या भोर समितीपासून आरोग्य केंद्रांची आखणी लोकसंख्येवर होत आली. पुढे ठरलेला निकष म्हणजे सपाटीवर 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ भागात 20,000 मागे. पण विरळ वस्तीत 20,000 माणसं मोजायला डोंगरच्या डोंगर ओलांडावे लागतात. जनगणनेच्या गावनिहाय माहितीत अंतर आलं, तेही तीन गटांत: 5 किमीच्या आत, 5 ते 10, आणि 10च्या पुढे. म्हणजे 11 आणि 50 एकाच खान्यात. मला ही फार मोठी चूक वाटते.

वेळेचा विचार आला तो बाल्टिमोरचे सर्जन अ‍ॅडम्स काउली यांच्या ‘गोल्डन अवर’मधून: गंभीर जखमीला पहिल्या तासात उपचार मिळायला हवेत, ही ती कल्पना. 1994 मध्ये बाळंतपणातल्या मृत्यूंच्या अभ्यासातून ‘तीन विलंब’ मांडले गेले: निघायचं ठरवण्यातला, पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. 2015 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी दोन तासांत पोहोचता यावं अशी मर्यादा सुचवली. 2020 मध्ये दवाखान्यापर्यंतच्या प्रवासवेळेचे जगभराचे नकाशेही निघाले. गाडीची किंवा लाँचची वाट पाहण्यात गेलेला वेळ मात्र त्यांत धरलेला नाही.

महाराष्ट्रात 2014 पासून 108 ही रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिने खरोखर जीव वाचवलेत. पण तिचं घड्याळ फोन लागल्यावर सुरू होतं. रेंजसाठी टेकाड चढण्यात गेलेली मिनिटं कुठेच लिहिली जात नाहीत. नोंद घराच्या उंबऱ्यापासून व्हायला हवी, आणि वर्षातून एकदा करूनही भागणार नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की लाँच दूर थांबते, झोळी गाळातून न्यावी लागते. ऑगस्टमध्ये पाणी वर येतं, पण वाऱ्यापावसात लाँच सुटेलच असं नाही. घर तेच, दवाखाना तोच, आणि अंतर मे महिन्यात वेगळं भरतं, ऑगस्टमध्ये वेगळं.