बाता दिसला की 'पवित्र ढोल' लिहिणाऱ्यांनो

क्युबातल्या सान्तेरियाचा, म्हणजे आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या परंपरेतून आलेल्या धर्माचा, कुठलाही व्हिडिओ उघडा, खाली कुणीतरी 'सेक्रेड ड्रम्स' लिहिलेलंच असतं. अरे पण कुठले? काँगा सगळ्यांना माहितीये, उभा आणि एकतोंडी, त्यावर वेळ घालवत नाही. बाता मांडीवर आडवा घेतात, दोन्ही तोंडं वाजवतात, आपल्या पखवाजासारखीच एक पुडी मोठी एक लहान, आणि तिघांचा संच असतो: इया म्हणजे आई, सगळ्यात मोठी, मग इतोतेले, मग चिमुकला ओकोंकोलो. ब्राझीलच्या कांदोंब्ले या तशाच धर्मातले रुम, रुम्पी, ले हे ढोल वेगळे, त्यांना बाता म्हणू नका म्हणजे झालं.

खरा घोळ बाता आणि बाता यांच्यातच आहे. एक अबेरिकुला, दुसरा फुंदामेंतो. आकार तोच, ताल तेच, आक्पवोन म्हणजे मुख्य गायक लुकुमीत, म्हणजे योरुबातून आलेल्या विधींच्या भाषेत, उचलतो ती गाणी तीच, मागे झील धरणारे पण तसेच, त्यामुळे नुसतं ऐकून सांगता येत नाही. फुंदामेंतोत आन्या हा ओरिचा, म्हणजे देव, विधी करून आत बसवलेला असतो, अबेरिकुलात नसतो, बस. कारखान्यातला गणपती आणि प्राणप्रतिष्ठा झालेला गणपती समजा. पण आपल्याकडे विसर्जन होतं, तिकडे नवा संच जुन्या संचातून 'जन्मतो', आवाज त्याच्याकडून घेतो, म्हणून त्यांची वंशावळ सांगतात, हवानातली तर १८३० च्या सुमाराच्या आन्याबी आणि आतान्दा या दोघा ढोलवाल्यांपर्यंत नेतात.

आता यामुळे काय बदलतं? फुंदामेंतोला परंपरेने फक्त दीक्षा घेतलेले पुरुष, ओमो आन्या, हात लावतात. बायकांना तो बंद (मला हे पटत नाही, पण नियम माझा नाही), अबेरिकुला मात्र त्या वाजवतात. नवदीक्षिताला आन्यासमोर नेतात तेही फुंदामेंतोसमोरच, तो वाकून ढोलाला कपाळ टेकवतो, अबेरिकुलासमोर केलं तर ते धरत नाहीत.

म्हणून अबेरिकुला खोटा, असं कृपा करून म्हणू नका, हे तर त्याहून वाईट. न्यूयॉर्कात फुंदामेंतो पोचायच्या आधी लोक ओरिचांसाठी अबेरिकुलाच वाजवायचे. आणि १९३६ ला क्युबातला अभ्यासक फर्नांदो ओर्तीसने हवानात व्याख्यानात पाब्लो रोचे वगैरे बातावादक मंडळींकडून बाता पहिल्यांदा जाहीरपणे वाजवून घेतले ना, तेही अबेरिकुलाच होते.