शेवळाची भाजी आणि नकल्या माणूस

पहिला पाऊस पडून गेला की अलिबागच्या बाजारात शेवळं ही रानभाजी येते. विकणाऱ्या मावशी जुडीबरोबर मूठभर काकडं न मागता पिशवीत टाकतात. काकडं म्हणजे काकडाच्या झाडाची हिरवी आंबट फळं. मी एका वर्षी शहाणपणा केला, म्हटलं एवढा आंबटपणा कशाला, आणि काकडं न घालताच भाजी केली. दुसऱ्याच घासाला घसा असा खवखवायला लागला की अख्खी संध्याकाळ गूळ चघळत बसलो 😅

शेवळं ही अळू-सुरणाच्याच कुळातली. या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच टोचतात. म्हणून शेवळं सोलायची, आतला पिवळा भाग फेकायचा, काकडांचा रस घालायचा आणि चांगलं शिजवायचं. मावशींना विचारलं काकडं का, तर म्हणाल्या, ‘आमची आय घालायची, म्हणून आम्ही घालतो.’ संपला विषय.

आता माणूस म्हणजे विचार करणारा प्राणी, असं आपण पार ॲरिस्टॉटलच्या काळापासून ऐकत आलोय. मग हे ‘आय घालायची’ काय आहे? मग माणसाचं वेगळेपण नेमकं कशात? पूर्वी वाटायचं हत्यारं फक्त माणूसच बनवतो, पण १९६० मध्ये चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांनी टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात चिंपांझी काडीची पानं ओरबाडून ती वारुळात घालून वाळवी काढताना पाहिले. संस्कृती तरी आपली एकट्याची म्हणावं, तर जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ मध्ये इमो नावाच्या एका लहान माकडिणीने रताळं पाण्यात धुवून खायला सुरुवात केली आणि हळूहळू कळपातली बाकीची माकडंही तेच करायला लागली.

मला सगळ्यात भारी वाटतो तो २००५ चा प्रयोग. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन या संशोधकांनी युगांडातल्या चिंपांझींना एक खोका दाखवला, आधी काठी वरच्या भोकात घालायची, मग पुढच्या भोकातून बक्षीस काढायचं. खोका अपारदर्शक होता, आतलं काही दिसत नव्हतं, तेव्हा चिंपांझींनी सगळं जसंच्या तसं केलं. पण पारदर्शक खोका आणल्यावर वरचं भोक बिनकामाचं आहे हे त्यांना दिसलं आणि त्यांनी ती पायरी सरळ गाळली. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र पारदर्शक खोक्यालाही इमानेइतबारे आधी वरून काठी घातली!

म्हणजे चिंपांझी हुशार आणि आपली पोरं बावळट? त्या खोक्यापुरतं हो. पण शेवळाची भाजी हा पारदर्शक खोका नाहीये ना. कुठली पायरी कामाची, कुठली उगाच, हे डोळ्यांना दिसत नाही, आणि ज्याला कारण कळल्याशिवाय काही करायचंच नाही तो माझ्यासारखा गूळ चघळत बसतो. मानसशास्त्रज्ञ मायकल टोमासेलो यांनी याला रॅचेटची उपमा दिलीये, म्हणजे गाडीच्या जॅकसारखं, एक दात वर चढला की खाली घसरत नाही. आधीच्या पिढीचं जसंच्या तसं उचलायचं, मग कधीतरी कोणीतरी त्यात एक दात वाढवायचा. शेवळात कोलीम (बारीक सुकी कोळंबी) घालायचं पहिल्यांदा कोणाला सुचलं असेल, त्या बाईला माझा दंडवत.

अर्थात असं डोळे मिटून उचलण्यात कचराही येतो. पाळी आलेल्या बाईने शिवलं तर लोणचं नासतं, हेही आमच्याकडे ‘आय म्हणायची’ म्हणूनच चालत आलं, आणि ते मी बिनधास्त सोडून दिलंय, लोणचं अजून तरी टिकलंय. काकडं मात्र यंदा दोन मुठी मागून घेतली.