उष्णतेच्या लाटेची जुन्या नोंदींशी तुलना

एखाद्या उन्हाळ्यातील लाट पूर्वीच्या लाटांच्या मानाने किती तीव्र, किती लांब आणि किती लवकर आली, हे हवामान केंद्रांच्या जुन्या नोंदींवरून ठरवण्याची पद्धत. बातम्यांत बहुधा एकच आकडा येतो, त्या दिवसाचे कमाल तापमान. लांबलेली लाट मात्र त्या आकड्यात मावत नाही.

मार्च-एप्रिल २०२२ हे याचे ठळक उदाहरण. त्या मार्चमध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान ३३.१० अंश सेल्सिअस होते, १९०१ पासूनचे सर्वाधिक. आधीचा उच्चांक मार्च २०१० चा, ३३.०९ अंश. एवढा शतांशाचा फरक मोजमापाच्या अचूकतेहून लहान आहे, म्हणून हे दोन मार्च बरोबरीचे धरणेच योग्य. पण २०२२ मध्ये पाऊसही रुसला होता : ३०.४ मिमी या दीर्घकालीन सरासरीच्या जागी जेमतेम ८.९ मिमी. जमिनीत ओल नसली की बाष्पीभवनात खर्च होणारी उष्णता थेट हवा तापवते आणि लाट लांबते. एप्रिलमध्ये वायव्य भारत (३५.९० अंश) व मध्य भारत (३७.७८ अंश) यांनी सरासरी कमाल तापमानाचे १२२ वर्षांतले उच्चांक गाठले. गव्हाचा दाणा भरण्याच्या वेळीच हे घडल्याने उत्पादन घटले आणि १३ मे रोजी गहू निर्यातीवर बंदी आली. राजस्थानातील फलोदीचा ५१.० अंशांचा (१९ मे २०१६) देशातील उच्चांक मात्र त्या वर्षी अबाधित राहिला.

तुलनेचा पाया म्हणजे ‘सरासरी’. ती त्याच केंद्राच्या, वर्षातील त्याच दिवसांच्या, तीस वर्षांच्या नोंदींवरून काढतात. सध्या १९९१–२०२० ही वर्षे धरली जातात. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात पारा किमान ४० अंश (किनाऱ्यावर ३७, डोंगराळ भागात ३०) आणि सरासरीहून ४.५ ते ६.४ अंश जास्त असेल तर लाट, त्यापुढे तीव्र लाट. मैदानी भागात ४५ व ४७ अंशांना सरासरी न पाहताही अनुक्रमे लाट व तीव्र लाट मानतात. विदर्भासाठी हे दुसरे माप महत्त्वाचे : तिथे मे महिन्याची सरासरीच इतकी चढी असते की ४५ अंशांनाही ४.५ची वाढ भरत नाही. हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती राहिली की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

सरासरी नवी झाली की निकषही सरकतो. आजची लाट १९९१–२०२० शी आणि जुनी लाट तिच्या काळच्या सरासरीशी ताडली तर तुलना फसते. दोन्हींना एकच पाया हवा. केंद्रही एकच हवे. मुंबईत सांताक्रूझचा ४२.२ अंशांचा उच्चांक (१४ एप्रिल १९५२) समुद्राने वेढलेल्या कुलाब्याच्या नोंदींशी लावून चालत नाही. तारखेचीही गफलत होते : सकाळी ८.३० ला वाचलेले कमाल तापमान आदल्या दुपारचे असते.

उपकरण झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर असते. स्वयंचलित केंद्राचा संवेदक बिघडला की भलतेच आकडे येतात. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका केंद्राने ५६ अंश दाखवले, दिल्लीतील मुंगेशपूरने ५२.९. तपासणीत नागपूरचा संवेदक बिघडलेला आढळला, मुंगेशपूरचा सुमारे ३ अंश जास्त दाखवत होता. नागपूरचा खरा उच्चांक ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. उपग्रह मोजतात ते जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान. ते हवेच्या तापमानाहून कितीतरी जास्त भरते आणि या नोंदींत मिसळू नये.

दिवसाइतकीच रात्र मोजावी लागते. कमाल तापमान ४० अंशांवर असताना किमान तापमान सरासरीहून ४.५ ते ६.४ अंश जास्त राहिले तर ती ‘उष्ण रात्र’. घर थंड होत नाही, झोप लागत नाही, शरीराला दिवसाचा ताण भरून काढायला वेळ मिळत नाही. मृत्यूंचा हिशोब उच्चांकाशी जुळत नाही, हे अहमदाबादेत दिसले. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांपर्यंत गेला, म्हणजे १९१६ च्या ४७.८ या उच्चांकाहून एक अंश कमीच. तरीही त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. १९१६ चा उच्चांक २० मे २०१६ रोजी ४८.० अंशांनी मोडला. शहराने २०१३ मध्येच उष्णता कृती आराखडा लागू केला होता.