कुरण म्हणजे राखलेले गवत

एखाद्या खात्यातील गैरव्यवहार उघडकीस आला की 'भ्रष्टाचाराचे कुरण' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत हमखास वाचायला मिळतो. कोणीही यावे आणि हवे तितके चरून जावे अशी जागा म्हणजे कुरण, असा अर्थ त्यातून वाचकांच्या मनात पक्का बसला आहे. ज्या गावांत कुरणे होती, आणि काही ठिकाणी अजून आहेत, तेथे मात्र या शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी ज्या जमिनीवर गुरे सोडण्यास बंदी होते, जिथे राखणीला माणूस बसतो आणि गवत कापून झाल्याशिवाय जी गुरांना मोकळी होत नाही, ती जमीन म्हणजे कुरण.

गवताळ जमिनीसाठी मराठीत अनेक शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. माळ हे जमिनीच्या जातीचे नाव आहे: उथळ, मुरमाड, पाणी धरून न ठेवणारी जमीन. गायरान हे हक्काचे नाव आहे: गावच्या गुरांना चरण्यासाठी सोडलेली सामाईक जमीन. कुरण हे वहिवाटीचे नाव आहे. त्यामुळे एकाच माळाच्या एका अंगाला गायरान आणि दुसऱ्या अंगाला कुरण असू शकते. इंग्रजीतील 'मेडो' या शब्दाच्या मुळाशीही गवत कापण्याचाच अर्थ आहे, आणि म्हणून त्याला कुरण हा प्रतिशब्द अगदी नेमका बसतो.

ही वहिवाट गवताच्या स्वभावातून आली आहे. मारवेल, पवना, डोंगरी ही चांगल्या चाऱ्याची गवते पावसाळा सरता सरता फुलोऱ्यावर येतात. तेव्हा कापून वाळवलेल्या गवतात कस राहतो. बी झडून गेल्यावर कापले तर हाती बरीचशी काडीच लागते. कुसळीच्या बाबतीत तर उशीर फारच नडतो. तिच्या टोकदार बीला लांब शेपटी असते, ती ओल लागली की पीळ सोडते, वाळली की पुन्हा पीळ घेते, आणि या फिरण्याने बी गिरमिटासारखे मातीत शिरते. तेच बी मेंढीच्या लोकरीतून कातडीतही शिरते आणि गुरांच्या तोंडाला जखमा करते. कापणीची वेळ साधायची तर तोवर गवत उभे राहिले पाहिजे, आणि ते उभे राहायचे तर गुरे बाहेर ठेवली पाहिजेत.

मराठेशाहीत या राखणीला राज्याच्या दृष्टीने मोठे महत्त्व होते, कारण फौज घोड्यांवर उभी होती. चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना गेलेले १६७४ च्या सुमाराचे शिवकालीन पत्र प्रसिद्ध आहे. दाणा आणि गवत बेहिशेबी खर्च केले तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि मग लोक रयतेला उपद्रव देऊ लागतील, अशी ताकीद त्यात आहे. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतक्या बारकाव्याची काळजीही त्या पत्रात घेतलेली आहे. पुढे पेशवाईत सरकारी पागांसाठी कुरणे राखली जात. त्यांतील गवत कापून भारे वाहण्याची वेठ आसपासच्या गावांवर पडे, हेही विसरता येत नाही. सरकारी कुरण ही रयतेला सुखाची गोष्ट नव्हती. पुणे जिल्ह्यात राजगडाच्या परिसरात आणि जुन्नर तालुक्यात, तसेच संगमनेर तालुक्यात 'कुरण' नावाची गावे आजही आहेत.

इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी झाली आणि वहिवाटीच्या जागी कायदा आला. १८७१ च्या कायद्याने कोंडवाड्यांचे नियम ठरले, १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेली आणि १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी सरकारी जमीन वेगळी ठेवण्याची तरतूद केली. कागदावर गायरान सुरक्षित झाले खरे, परंतु जंगलखात्याच्या हद्दीत पडीक जमिनी आणि गायरानेही ओढली गेली. महात्मा फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याच गोष्टीवर कठोर टीका केली आहे. शेळ्यामेंढ्यांना उभे राहायला जागा उरली नाही, हे त्यांचे म्हणणे आजच्या मेंढपाळांनाही ओळखीचे वाटेल.

स्वातंत्र्यानंतर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने कलम २२ मध्ये जुनी तरतूद कायम ठेवली. त्याच काळात गायरानाला दुसरा, तितकाच खरा अर्थ मिळाला. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. विशेषतः मराठवाड्यात अनेक दलित कुटुंबांनी गायराने कसून त्यांवर पोट भरले, आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, तेव्हा भूमिहीनांना दिलेल्या जमिनींसारखे अपवाद मान्य केले. धनदांडग्यांचे अतिक्रमण आणि भूमिहीनाचे दोन एकर यांना एकाच मापाने मोजू नये, असे मला ठामपणे वाटते.

माळाचे मोठे नुकसान झाले ते त्याला 'पडीक' म्हटल्याने. देशाच्या पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशासंग्रहात झुडपी माळ आणि खालावलेली चराऊ राने पडीक म्हणूनच मोजली जातात, आणि पडीक म्हटले की तेथे झाडे लावणे किंवा सौर प्रकल्प उभारणे हे विनाखर्चाचे पुण्य वाटू लागते. पण माळढोकाला मोकळे गवत लागते, दाट झाडी नव्हे. सोलापूरजवळ नान्नज येथे अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली चराई बंद करून गवत वाढवलेल्या तुकड्यांवर हा पक्षी वावरत असे, आणि १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. पुढे त्याच परिसरात गिरिपुष्प या झाडाची लागवड झाली. आज तेथे माळढोक दिसणे दुर्मीळ झाले आहे. जिथे गवत अजून मोकळे आहे तिथे काळविटांचे कळप चरताना दिसतात.